डिजिटल चित्रं ऑनलाइन विकताना फी कशी मोजायची आणि एक्सक्लुझिव्हला होकार कधी द्यायचा

नागपूरच्या मिरवणुकीतल्या मारबतीचं चित्र, तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी किंवा संत्र्याच्या फोडींचं पॅटर्न एकदा नीट काढलं की ती फाईल कितीही वेळा विकता येते. विकायला जागाही भरपूर आहेत. प्रत्येक जागा तुमच्याकडून दोन गोष्टी मागते: विक्रीतला वाटा, आणि काही ठिकाणी हे काम दुसरीकडे विकणार नाही असा शब्द, म्हणजेच एक्सक्लुझिव्ह. वाटा आकड्यात दिसतो, म्हणून सगळी चर्चा त्याचीच होते. शब्द मात्र बहुतेक वेळा जास्त महाग पडतो आणि तो अटींच्या लांबलचक पानात कुठेतरी खाली असतो. नागपुरात घरी बसून टॅब्लेटवर काम करणाऱ्या चित्रकाराने हे दोन्ही कसं मोजायचं, त्याची पद्धत इथे दिली आहे. दर बदलत राहतात, त्यामुळे खातं उघडण्याच्या दिवशी त्या प्लॅटफॉर्मचं फीचं पान स्वतः उघडून आकडे ताडून घ्या. पद्धत तीच राहते.

टक्का कोणाचा, ते आधी बघा

ऑनलाइन बाजार मुख्यतः दोन जातींचे आहेत. एक दुकानासारखे: एट्सी, गमरोड, इच, गेमच्या थ्रीडी मॉडेल्ससाठी फॅब. इथे किंमत तुम्ही ठरवता आणि प्लॅटफॉर्म आपला वाटा कापून घेतो. दुसरे स्टॉकवाले, म्हणजे तयार चित्रं-फोटोंच्या साठ्यातून परवाने विकणारे: शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, आयस्टॉक. इथे किंमत ते ठरवतात आणि तुम्हाला रॉयल्टी देतात.

दुकानाच्या पानावर लिहिलेला टक्का तुमच्या खिशातून जाणारा असतो, स्टॉकच्या पानावरचा टक्का तुमच्या खिशात येणारा. फॅब १२ टक्के घेतं म्हणजे ८८ तुमचे. अडोबी स्टॉक चित्रांवर ३३ टक्के देतं म्हणजे ६७ त्यांचे. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे बरेच जण इथेच फसतात.

स्टॉकमध्ये आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे पायऱ्या. शटरस्टॉकवर २०२० पासून रॉयल्टी १५ ते ४० टक्के अशी सहा पायऱ्यांत आहे. वर्षात पहिल्या १०० चित्रांच्या विक्रीपर्यंत १५ टक्के, १०१ ते २५० पर्यंत २०, ५०० पर्यंत २५, असं चढत जातं. आणि १ जानेवारीला प्रत्येक जण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. म्हणून डिसेंबरच्या कमाईवरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधू नका. जानेवारी-फेब्रुवारीचे आकडे धरा. छोट्या चित्रकारावर हा नियम अन्याय करतो असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्याच्या वर्षाला दोनशे विक्र्या होतात, तो प्रत्येक वर्षी निम्मं काम सगळ्यात खालच्या दराने विकतो.

एका विक्रीचा पूर्ण हिशेब

मारबत आणि बडग्यांच्या बारा चित्रांचा एक संच धरू. किंमत ६ डॉलर.

एट्सीवर लिस्टिंगचे २० सेंट लागतात. ही लिस्टिंग चार महिने टिकते आणि विक्री झाली की नूतनीकरणाचे २० सेंट पुन्हा लागतात, म्हणून ते प्रत्येक विक्रीच्या खर्चातच धरायचे. व्यवहार फी ६.५ टक्के, म्हणजे ३९ सेंट. पेमेंटचा खर्च हिशेबासाठी ५ टक्के धरला तर ३० सेंट. एकूण ८९ सेंट. तुम्ही जीएसटी क्रमांक दिलेला नसेल तर परदेशी प्लॅटफॉर्मच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागू शकतो. तो साधारण १६ सेंट. हातात राहिले ४ डॉलर ९५ सेंट.

आता ऑफसाइट जाहिराती. एट्सी बाहेरच्या साइटवर तुमच्या मालाची जाहिरात करतं. त्या जाहिरातीवर क्लिक केलेल्या ग्राहकाने ३० दिवसांत तुमच्या दुकानातून काहीही घेतलं तर १५ टक्के आणखी जातात. आपल्या संचावर हे ९० सेंट, वर त्याचा जीएसटी. उरले ३ डॉलर ८९ सेंट. वर्षाची विक्री १०,००० डॉलरच्या खाली असेल तोवर ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. त्या आकड्याच्या वर गेलात की दर १२ टक्के होतो, पण बंद करण्याचा पर्याय राहत नाही. नवीन दुकानात ही सोय आधीपासून चालू असते, त्यामुळे पहिल्याच दिवशी तिथे जाऊन निर्णय घ्या.

गमरोडवर तुमच्या स्वतःच्या लिंकवरून आलेल्या ग्राहकाला १० टक्के आणि वर ५० सेंट. ६ डॉलरवर १ डॉलर १० सेंट, पेमेंटचा खर्च वेगळा. तोच ग्राहक त्यांच्या डिस्कव्हर पानावरून आला तर ३० टक्के, म्हणजे १ डॉलर ८० सेंट. म्हणून इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सअॅपवर लिंक टाकताना थेट उत्पादनाची लिंक टाका, शोधाच्या पानाची नको.

खरा घात ठरावीक फी करते. २ डॉलरचा एक ब्रश गमरोडवर ठेवला तर २० सेंट अधिक ५० सेंट, म्हणजे ७० सेंट गेले. दहा टक्क्यांच्या पाटीखाली प्रत्यक्षात निदान ३५ टक्के कापले गेले. जिथे प्रत्येक विक्रीवर ठरावीक सेंट लागतात, तिथे ५ डॉलरच्या खाली सुटं काही ठेवू नका. चार ब्रश एकत्र बांधून विका. स्वस्त, सुट्या फाईली इचसारख्या ठिकाणी ठेवा. तिथे प्लॅटफॉर्मचा वाटा किती हे विक्रेता स्वतः ठरवतो. आधीपासून १० टक्के लावलेले असतात, ते कमी-जास्त करता येतात. पेमेंटचा खर्च अर्थातच वेगळा.

डॉलरचे रुपये होताना आणखी गळती होते. पैसे जमा झाले की त्या दिवसाचा जाहीर संदर्भ दर आणि तुम्हाला मिळालेला दर शेजारी लिहा. ३ टक्क्यांचा फरक असेल तर ५ डॉलरमागे १५ सेंट तिथेच गेले. हा खर्च फीच्या पानावर कुठेच लिहिलेला नसतो, तो दरात लपलेला असतो. बँकेकडून किंवा पेमेंट सेवेकडून परदेशी रक्कम आल्याचा दाखला मागून ठेवा. पुढे कर आणि जीएसटीसाठी तोच पुरावा लागतो.

किमान रकमेची अटही धरा. अडोबी स्टॉकवर २५ डॉलर जमल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. सबस्क्रिप्शनच्या विक्रीला ३३ सेंट मिळत असतील तर त्यासाठी ७६ विक्र्या लागतात. पाच स्टॉक साइटवर थोडं थोडं पसरलं तर पाचही ठिकाणी पैसे अडकून पडतात. सुरुवातीला दोनच निवडा.

एका वहीत किंवा शीटमध्ये प्रत्येक विक्रीसाठी एवढं लिहा: तारीख, प्लॅटफॉर्म, छापील किंमत, कापलेली प्रत्येक फी, मिळालेला विनिमय दर आणि बँकेत पडलेले रुपये. तीन महिन्यांचे आकडे हातात येईपर्यंत कोणत्याही एक्सक्लुझिव्ह करारावर सही करू नका, कारण पुढचा सगळा हिशेब याच रकान्यांवर उभा आहे.

एक्सक्लुझिव्ह म्हणजे नक्की काय बांधलं जातं

सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: यात फाईल बांधली जाते, मी बांधला जातो, की ठरावीक काळ बांधला जातो?

फाईल बांधली जाते तेव्हा तो एक संच दुसरीकडे विकता येत नाही, बाकी काम मोकळं असतं. हे सगळ्यात सोसण्यासारखं.

चित्रकार बांधला जातो ते प्रकरण वेगळं आहे. आयस्टॉकवर एक्सक्लुझिव्ह झालात की त्या प्रकारचं तुमचं सगळं रॉयल्टी-फ्री (एकदा परवाना घेऊन पुन्हा पुन्हा वापरता येणारं) काम तिथेच द्यावं लागतं. इलस्ट्रेशनसाठी सही केली तर फोटो मोकळे राहतात, पण प्रत्येक इलस्ट्रेशन, कालचं आणि उद्याचंही, अडकतं. बदल्यात रॉयल्टी २५ ते ४५ टक्के. फोटोंना बिनएक्सक्लुझिव्ह दर १५ टक्के आहे, म्हणजे उडी मोठी दिसते.

ही उडी परवडते का, ते असं मोजा. समजा त्या साइटवर तुमच्या फोटोंची महिन्याची ढोबळ विक्री १०,००० रुपयांची आहे. १५ टक्क्यांनी १,५०० मिळतात, २५ टक्क्यांनी २,५०० मिळतील. फायदा १,००० रुपयांचा. आता वहीतून बाकी सगळ्या साइटवरची निव्वळ कमाई काढा. ती १,००० च्या वर असेल तर सही तोट्याची. प्लॅटफॉर्म सांगेल की एक्सक्लुझिव्ह फाईली महाग विकल्या जातात आणि शोधात वर दिसतात. ते खरंही असू शकतं. पण विक्री किती वाढली तर तोटा भरून निघेल हे आधी काढा. बाकीच्या साइटवर ३,००० मिळत असतील तर आज एकूण ४,५०० मिळतात. २५ टक्क्यांनी ४,५०० मिळायला विक्री १८,००० व्हायला हवी, म्हणजे जवळपास दुप्पट. असं होईल याचा पुरावा तुमच्याच आकड्यांत दिसत नसेल तर सही नको.

काळ बांधण्याचं उदाहरण म्हणजे केडीपी सिलेक्ट, अमेझॉनवर स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यांसाठीची योजना. चित्रपुस्तक किंवा कॉमिक किंडलवर काढणाऱ्यांनी हे नीट वाचा. सिलेक्टमध्ये ई-बुक ९० दिवस फक्त किंडलवर ठेवावं लागतं. छापील पुस्तक मोकळं असतं आणि नमुना म्हणून १० टक्के भाग बाहेर दाखवता येतो. मुदत संपली की ती आपोआप पुन्हा ९० दिवसांसाठी सुरू होते. थांबवायची तर संपण्याआधी ऑटो-रिन्यूची खूण काढावी लागते. खूण काढली तरी चालू मुदत पूर्ण पाळावीच लागते.

भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी तर सिलेक्ट सक्तीचं आहे, नाहीतर ३५ टक्के. इथे बहुतेक चित्रकार डोळे झाकून ७० घेतात. पण ७० टक्क्यांच्या योजनेत फाईलच्या वजनानुसार डिलिव्हरी खर्च कापतात, भारतात दर एमबीला ७ रुपये. चित्रांचं पुस्तक जड असतं. १५ एमबीच्या पुस्तकाची किंमत १९९ रुपये ठेवली तर आधी १०५ रुपये वजा, उरलेल्या ९४ चे ७० टक्के म्हणजे ६५ रुपये ८० पैसे. ३५ टक्क्यांच्या योजनेत हा खर्च नाही: १९९ चे ३५ टक्के ६९ रुपये ६५ पैसे. म्हणजे कमी टक्का, जास्त पैसे, आणि पुस्तक दुसरीकडे विकायची मोकळीक. सोपा नियम: एमबीला १४ ने गुणा. पुस्तकाची किंमत त्या आकड्याच्या खाली असेल तर ३५ टक्के फायद्याचे. चित्रं योग्य आकारात लहान करून फाईल ६ एमबीवर आणता आली तर गणित उलटतं. तेव्हा आधी फाईल हलकी करा, मग योजना निवडा.

चौथा प्रकार एक्सक्लुझिव्ह या नावाने येत नाही. दुसरीकडे यापेक्षा स्वस्त विकणार नाही अशी अट असते. ती मान्य केली की गांधीसागर तलावाजवळच्या एखाद्या प्रदर्शनात किंवा कॉलेजच्या स्टॉलवर सवलतीत विकणंही अटीचा भंग ठरू शकतं.

अटींच्या पानात काय शोधायचं

सगळं पान वाचायला वेळ नसेल तर ब्राउझरच्या शोधात एकेक शब्द टाका. एक्सक्लुझिव्ह आला की तो फाईलला लागू आहे की माणसाला, ते बघा. इर्रिव्होकेबल आणि पर्पेच्युअल एकत्र आले तर दिलेला हक्क परत घेता येणार नाही आणि त्याला शेवट नाही. असाइन हा शब्द सगळ्यात घातक, कारण त्यात मालकीच जाते. लायसन्समध्ये मालकी तुमच्याकडे राहते. टर्मिनेशनखाली बाहेर पडायची नोटीस किती दिवसांची आणि शिल्लक रकमेचं काय होतं ते असतं. मशीन लर्निंग किंवा ट्रेनिंग शोधा. अडोबीने फायरफ्लाय हे एआय मॉडेल अडोबी स्टॉकवरच्या कामावर शिकवलं आणि चित्रकारांना त्याचा बोनस दिला, पण त्यातून आपलं काम बाहेर ठेवायचा पर्याय दिला नाही. ज्याला हे मान्य नाही, त्याने चढवण्याआधीच ठरवायला हवं. चढवून झाल्यावर उपयोग नाही.

अटींचं पान सही केल्याच्या दिवशी पीडीएफ करून ठेवा. नंतर अटी बदलल्याचा ईमेल आला की जुनं आणि नवं समोरासमोर ठेवता येतं.

इतवारी बाजारातली ऑर्डर आणि ऑनलाइन विक्री यांची गाठ

नागपुरात डिजिटल चित्रकाराचा मोठा आधार स्थानिक कामावर असतो: संत्रा बर्फीचा डबा, लग्नपत्रिका, कोचिंग क्लासचं बोधचिन्ह. इथेच दोन जगांची टक्कर होते. दुकानदार म्हणतो, हे संत्रं दुसऱ्या कोणाच्या डब्यावर दिसता कामा नये. तेच संत्रं तुम्ही सहा महिन्यांपूर्वी स्टॉकवर चढवलं असेल तर तो शब्द तुम्ही देऊच शकत नाही. स्टॉकवरून फाईल काढून टाकली तरी आधी ज्यांनी घेतली त्यांचा परवाना संपत नाही. बोधचिन्ह म्हणून नोंदवायचं काम तर स्टॉकवर कधीच ठेवू नका. म्हणून प्रत्येक फाईलच्या नावात सुरुवातीलाच खूण घाला: ‘स्टॉक’, ‘दुकान’ किंवा ‘ग्राहक’. एका गटातली फाईल दुसऱ्या गटात जाऊ द्यायची नाही, तिचे तुकडेही नाहीत.

उलट दिशेनेही चूक होते. ग्राहकासाठी केलेलं काम नंतर एट्सीवर टाकलं जातं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या पेंटिंगचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सांगणारा ठरतो. नोकरीत केलेल्या कामाचा मालक नोकरी देणारा. त्यामुळे ऑर्डर घेताना दोन ओळी लिहूनच घ्या: मालकी कोणाची आणि ऑनलाइन विकायची मुभा आहे का.

करार लिहिताना कलम १९ तुमच्या बाजूचं आहे, ते वापरा. हक्क सोपवणं लेखी आणि सहीनिशीच चालतं. फोनवरच्या होकाराने मालकी जात नाही. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. समोरच्याने घेतलेला हक्क एक वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळं नमूद नसल्यास, तो सुटतो. ग्राहकाला एक्सक्लुझिव्ह द्यायचंच असेल तर असं लिहा: मिठाईच्या वेष्टनापुरतं, महाराष्ट्रात, तीन वर्षं. याची वेगळी रक्कम लावा, निदान वर्षभरात ते चित्र ऑनलाइन विकून जेवढं मिळालं असतं तेवढी तरी. फक्त ‘सगळे हक्क तुमचे’ असं लिहून त्याच रकमेत देऊन टाकणं म्हणजे पुढच्या विक्र्या फुकट देणं.

सणाची वेळ धरून कुलूप मोजा

पोळा, मारबत, धम्मचक्र प्रवर्तन दिन, दिवाळी असा आपला हंगाम ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत चालतो. हंगामी काम तीन महिने आधी चढवावं लागतं, म्हणजे मे अखेर. १ ऑगस्टला एक्सक्लुझिव्हचं ९० दिवसांचं कुलूप लावलंत तर ते ३० ऑक्टोबरच्या सुमारास उघडेल आणि अख्खा हंगाम एकाच दुकानात जाईल. असं कुलूप लावायचंच असेल तर डिसेंबर ते मार्चमध्ये लावा, आणि संपण्याच्या दहा दिवस आधीची आठवण मोबाईलमध्ये टाका.

मारबतीच्या मिरवणुकीचा फोटो समोर ठेवून चित्र काढत असाल तर ओळखू येतील असे चेहरे ठेवू नका. स्टॉकवाले मॉडेल रिलीज, म्हणजे चित्रातल्या माणसाची लेखी परवानगी, मागतात आणि गर्दीतल्या माणसाची सही मिळत नाही. देवनागरी अक्षरं असलेली फाईल देताना अक्षरांच्या आउटलाइन करून (फॉन्टऐवजी आकार म्हणून) द्या, नाहीतर ग्राहकाच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात आणि रिफंड मागितला जातो.

कर

अमेरिकन स्टॉक साइटवर डब्ल्यू-८बेन, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीने करासाठी भरायचा फॉर्म, पॅनसह भरा. भारत-अमेरिका करारामुळे तिथल्या ग्राहकांकडून आलेल्या रॉयल्टीवर १५ टक्के कापले जातात. फॉर्म नसेल तर ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला फॉर्म संपतो. कापलेल्या कराचं क्रेडिट इथल्या विवरणपत्रात मागता येतं. भारतीय प्लॅटफॉर्म ई-कॉमर्सचा ०.१ टक्के टीडीएस कापतात. वैयक्तिक विक्रेत्याला पॅन दिल्यास वर्षाला ५ लाखांपर्यंत त्यातून सूट आहे. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी साधारण २० लाखांच्या उलाढालीपासून सुरू होते, पण चित्रांच्या छापील प्रतीही विकत असाल तर सीएला विचारूनच ठरवा.

बाहेर पडताना

कुठलाही एक्सक्लुझिव्ह करार सोडायचा तर आधी नोटीस द्या, मुदत संपल्याचा ईमेल येऊ द्या आणि मगच दुसरीकडे चढवा. दोन दिवसांच्या घाईनेही खातं गोठवलं जाऊ शकतं आणि त्यात अडकलेली शिल्लक सोडवायला महिने लागतात. नोटीस देण्याआधी जमलेली रक्कम काढून घ्या आणि विक्रीचे सगळे अहवाल उतरवून ठेवा. थर असलेल्या मूळ फाईली तारखांसह दोन ठिकाणी असू द्या. कोणी तुमचंच काम स्वतःचं म्हणून चढवलं तर तक्रारीसोबत त्याच पाठवाव्या लागतात. जास्त विकल्या जाणाऱ्या संचाची कॉपीराइट नोंदणीही करून घ्या. कलाकृतीला ५०० रुपये फी आहे, मालावर वापरायची असेल तर २,००० रुपये. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यावर तोच कागद आधी विचारला जातो.